जावईबापूंची चाचणी

परीक्षा घ्यायच्या जागी कुणी रांगोळी काढतं का? सदूभाऊंनी काढली होती. अकोल्यातल्या त्या कापसाच्या जुन्या जिनिंगच्या आवारात, चाचणीच्या पत्र्याच्या शेडसमोर, चांगली ऐसपैस आणि वर रंगही भरलेली. उज्ज्वला गावंडे स्कूटरवरून उतरली आणि हेल्मेट काढायचं विसरून त्या रांगोळीकडे बघतच राहिली.

"हे काय हो, सदूभाऊ?"

"जवाईबापू येऊन राह्यले ना जी आज!" सदाशिव तायडे म्हणजे या शेडचे राखणदार. स्वतःच्याच घरी लग्न असल्यासारखे ते इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. "तुमचे जवाई ते आमचे जवाई. असंच कोरडं कसं आत घ्यावं मानसाले?"

उज्ज्वला हसली. हसत हसत आत गेली आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं. शेड लखलखत होती. टाकीतलं शेवाळ गेलं होतं, झाकणाची फाटकी जाळी जाऊन नवी बसली होती, फवारे चिंचेनं घासून सोन्यासारखे झाले होते. क्लोरीन सोडणारी नळी, जी तिनं आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं निखळवून ठेवली होती, ती व्यवस्थित जागेवर होती.

"अहो, हे सगळं तुम्ही केलंत?"

"मंग काय! पहिल्याच खेपेले जवायाले शेवाळात हात घालाले लावता का? शोभते का आपल्याले ते?"

"पण आज चाचणी आहे ना, सदूभाऊ!"

"चाचनी त्याइच्या डोक्याची होते ना जी. टाकीची थोडीच होते."

आता यावर काय बोलणार? माणूस इतक्या प्रेमानं राबलेला. पण सदूभाऊंनी नेमका काय घोळ घातला होता हे कळायला ही डोक्याची चाचणी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं.

आणखी काही वर्षांनंतरचं हे अकोलं. वैशाखात पारा असा चढायचा की घरातला कूलर नुसता गरम वारा फेकायचा आणि म्हातारीकोतारी माणसं दुपारच्या दुपारी खाटेवर आडवी व्हायची. म्हणून गारवा सहकारी संस्थेनं जुन्या जिनिंगच्या मोठ्या गोदामाचं गारवाघर केलं. वाळ्याच्या भल्यामोठ्या भिंती, वरून फवाऱ्यांचं बारीक धुकं आणि खाली सतरंज्या. आसपासच्या वस्त्यांमधले म्हातारे-म्हाताऱ्या जेवणं उरकून तिथे यायच्या, ऊन उतरलं की घरी जायच्या. कित्येकांचा उन्हाळा त्यावर तरला.

पण धुकं म्हणजे पाणी, आणि पाणी कोमट होऊन साचून राहिलं की त्यात लिजिओनेला नावाचा जिवाणू वाढतो. ते पाणी प्यायलं तर सहसा काही होत नाही. त्याचं धुकं श्वासातून छातीत गेलं, तर मात्र न्यूमोनिया. म्हणजे जे धुकं म्हाताऱ्यांना वाचवणार, त्याच धुक्यानं त्यांचा घात व्हायचा. ते पाणी राखायला ठेकेदार नेमावा लागे, आणि ठेकेदार म्हणून जो तो प्रमाणपत्र घेऊन उभा राही. प्रमाणपत्रं कशी मिळतात हे तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको.

म्हणून खटकामापक आला. आपल्या डोळ्यांना काही वावगं दिसलं की क्षणभराच्या आत डोक्यात विजेची एक बारीकशी लाट उठते. आपल्याला 'अरे!' म्हणायचं सुचण्याआधीच मेंदूला ते खटकलेलं असतं. मुरलेल्या स्वयंपाकिणीला फोडणीच्या आवाजात काही चुकलं की खटकतं, जुन्या ड्रायव्हरला इंजिनाची नुसती कुरकुर खटकते. ज्याला काम येत नाही त्याला मात्र काहीच खटकत नाही, तो खुशाल पुढे जातो. शास्त्रज्ञांनी ही लाट टिपणारी टोपी केली आणि नजर कुठे आहे ते सांगणारा चष्मा. ठेकेदाराला ते चढवायचं आणि शेडमध्ये मुद्दाम बिघडवून ठेवलेल्या नमुन्याच्या यंत्रणेतून फिरवायचं. जिथे बिघाड आहे तिथे लाट उठली तर माणूस जाणता. घोकंपट्टीला इथे वाव नव्हता.

मात्र यंत्राला एक गोष्ट कळत नसे. खटकलं एवढं त्याला कळे, काय खटकलं ते कळत नसे. ते पाहायला शेजारी परीक्षक लागे. संस्थेची परीक्षक उज्ज्वला होती. बिघाड तीच घडवायची, चाचणी तीच घ्यायची, आणि आजवर तिच्याकडे बोट दाखवायची कुणाची छाती झाली नव्हती.

प्रणित इंगोलेचा अर्ज आला तेव्हा तो तिचा कुणीच नव्हता. मग कुणीतरी केतकीसाठी त्याचं स्थळ सुचवलं, आणि उज्ज्वलेनं एकुलत्या एका लेकीसाठी काय चौकशी केली, विचारू नका! बाप नसलेली पोर, म्हणून हिला दुप्पट काळजी. तीन तालुक्यांतले नातेवाईक कामाला लावले. प्रणितच्या घरी दूध घालणाऱ्याला विचारलं, त्याच्या आईच्या माहेरी विचारलं, शाळेतल्या बाईंना गाठून पोरगा कसा होता ते विचारलं. पोरगा चांगलाच निघाला. साखरपुडा झाला. तेव्हा तिनं संस्थेच्या अध्यक्षांना सांगितलंही, "माझी सोयरीक झाली आहे, दुसरा परीक्षक बोलवा." अध्यक्ष हसले. "बाई, यंत्राला कुठे सोयरीक कळते? घ्या तुम्हीच."

तर अशी ती चाचणी.

प्रणित आला, सदूभाऊंनी त्याच्या हातात नारळ दिला, तो बिचारा लाजला. टोपी-चष्मा चढवून तो फिरू लागला आणि उज्ज्वला हातातल्या पडद्याकडे पाहत मागून निघाली. जे बिघाड सदूभाऊंनी दुरुस्त केले होते ते तिनं प्रामाणिकपणे यंत्रातून वगळले. उरला होता एकच, भिंतीमागचा बंद फाटा. म्हणजे एकेकाळी फवाऱ्यांकडे जाणारा पाइप मधेच कापून त्याचं तोंड बंद केलेलं. वरून रंगबिंग लावलेला, दिसायला अगदी शहाणा. पण अशा फाट्यात पाणी शिरतं आणि तिथेच कुजत बसतं. क्लोरीन तिथवर पोचत नाही. सगळ्या बिघाडांत हा सर्वांत कपटी. तो ज्याला खटकला नाही, त्याला पाणी कळलं नाही म्हणायचं.

सदूभाऊंना तो बिघाड वाटलाच नव्हता. त्यांना ती खुंटी वाटली होती. तिला त्यांनी झेंडूचा हार घातला होता.

प्रणित भिंतीमागे वळला, त्याची नजर फाट्यावर गेली आणि पडद्यावर अशी टरारून लाट उठली की बस्स. तो हसला. "काकू, पाइपलासुद्धा हार?"

आणि तो पुढे निघून गेला. यंत्रानं टिंग केलं. उरलेला बिघाड एक, खटका एक. पात्र.

उज्ज्वला त्या हाराकडे पाहत उभी राहिली. त्याला हार खटकला होता, फाटा नाही. हे तिला उन्हासारखं स्पष्ट दिसलं. आता एवढंच करायचं होतं की हार काढायचा, दुसरीकडे एखादा बिघाड घडवायचा आणि 'जरा पुन्हा फिरा' म्हणायचं. शब्द अगदी ओठांवर आले. तेवढ्यात सदूभाऊ चहा आणि चिवडा घेऊन आले, प्रणित टोपी काढून त्यांच्याशी बोलू लागला, आणि लग्न ठरलेल्या जावयाला पुन्हा परीक्षेला उभं करायचं म्हणजे... नापास झाला तर? त्याची आई काय म्हणेल? केतकीला काय वाटेल? तिचा फोन आलाच.

"आई, झालं का गं?"

"झालं," उज्ज्वला म्हणाली.

काम प्रणितला मिळालं, आणि त्यानं ते जीव ओतून केलं. टाक्या धुतल्या, वाळा बदलला, रोज सकाळी नळाचं पाणी तपासलं. गारवाघर असं कधी चमकलं नव्हतं. उज्ज्वला दुपारी एक चक्कर मारायची. सदूभाऊंची आई गिरजामाय भजनासाठी बांधलेल्या मंचासमोर, थेट धुक्याखाली सतरंजी टाकून बसलेली असायची आणि हिला लांबूनच हाक मारायची.

"ये व माय! तुह्या जवायानं पार महाबळेश्वर करून टाकलं इथं. लग्नात हळदीची गानी मीच म्हननार हावो, दुसऱ्या कोनाले बोलावशील तर पाहाय!"

"तुमच्याशिवाय हळद लागेल का?" उज्ज्वला म्हणायची.

मंचाच्या मागे पत्र्याची भिंत होती. मंच बांधताना तिथली फवाऱ्यांची एक ओळ काढली होती, हे उज्ज्वलेला माहीत होतं. त्या ओळीच्या पाइपचं पुढे काय झालं, हे मात्र तिनं पाहिलं नव्हतं. दोन पावलांवर भिंत, पण ती मागे गेली नाही. रोज मनाशी म्हणायची, प्रणितनं पाहिलं असेल. रोज मन म्हणायचं, आणि नसेल तर? मग ती गिरजामायशी दोन शब्द जास्तच बोलायची आणि घरी यायची. केतकीच्या शालूसाठी दुकानं पालथी घालताना तिला मधेच धाप लागायची. केतकी म्हणायची, ऊन लागलं तुला. आणि ही म्हणायची, हो, ऊनच असेल.

वैशाख भरात आला आणि गिरजामाय तापली. दोघं-तिघं आणखी खोकू लागले. ते औषधानं सावरले, पण गिरजामायला इस्पितळात ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. डॉक्टरांनी थुंकी तपासली आणि लिजिओनेला म्हणून सांगितलं. ऐकल्याबरोबर उज्ज्वलेनं गारवाघर बंद करायला लावलं. फवारे थांबले, म्हातारे आपापल्या भट्टीसारख्या घरांत परतले. एवढं तरी तिनं तडक केलं, पण कशामुळे ते बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या व्हरांड्यात सदूभाऊ तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. त्यांचा तोच सदरा, पण आता चुरगळलेला.

"ताई, माह्या हातानं झालं हे. मीच टाकी साफ केली, जाळी बसवली. जवाईबापूंची चाचनी मीच नासवली. नाहीतर त्याइले सारं समजलं असतं. अध्यक्षायले मी सांगून आलो, म्हनलं ताईंचा काही दोष नाही, माहाच गाढवपना हाये. ते म्हनले, उद्यापासून येऊ नको."

"तसं नाही हो, सदूभाऊ," एवढंच ती म्हणाली.

"तसंच हाये जी. माह्या मायले मीच..." आणि तो साठीचा माणूस भिंतीकडे तोंड करून रडला.

तिथेच सांगायचं होतं. पण तिनं नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवला. घरी आल्यावर तिनं तो हात साबण लावून धुतला, पुन्हा धुतला, आणि मग बेसिनशीच उभी राहून स्वतःला म्हणाली, उज्ज्वला, लाज वाटू दे गं तुला, लाज वाटू दे!

सकाळी तिनं प्रणितला गारवाघरात बोलावलं. सरळ मंचामागे नेलं. पत्र्याच्या भिंतीला चिकटून होताच फाटा, माणसाच्या उंचीचा, तोंड बंद, रंग दिलेला. सकाळचं ऊन पत्र्यावर पडून तो आत्ताच कोमट झाला होता.

"हा कापा," ती म्हणाली.

प्रणितनं कापला. आतून काळपट, चिकट पाणी पडलं आणि असा वास आला की दोघंही मागे सरकले. पंप सुरू-बंद झाला की त्या धक्क्यानं यातलंच थोडं थोडं मुख्य पाइपात जात होतं, आणि तिथून समोरच्या सतरंजीवर.

"हा मी रोज पाहत होतो," प्रणित हळूच म्हणाला. "मला काही वाटलंच नाही. पण काकू, चाचणीत होता की असा फाटा. खटका लागला होता ना मला?"

"तो हाराचा होता."

त्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्याचा चेहरा पाहवेना. "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"मग एका शब्दानं सांगायचं होतंत हो! मी पुन्हा फिरलो असतो. नापास झालो असतो तर शिकून आलो असतो. एवढं काय त्यात?"

"जावयाला कसं म्हणायचं..."

"मी त्या दिवशी जावई म्हणून आलो नव्हतो, काकू. ठेकेदार म्हणून आलो होतो." त्यानं करवत खाली ठेवली. "आता त्या आजीला मी तोंड कसं दाखवू, ते सांगा."

प्रणित तिथूनच संस्थेत गेला, काम सोडलं आणि पहिल्यापासून शिकायला तयार आहे म्हणून सांगून आला. त्याच्या मागोमाग उज्ज्वला गेली. सगळी समिती बसली होती, त्यांच्यासमोर तिनं हाराची गोष्ट सांगितली. सदूभाऊंचा काही दोष नाही, त्यांना परत घ्या, मला काढा, असं सांगितलं. अध्यक्ष पंख्याकडे पाहत म्हणाले, "अहो बाई, एवढं स्पष्ट बोलायची काय गरज होती? यंत्र पास म्हणत होतं ना." त्यांना वाटत होतं ते तिची बाजू घेताहेत. तिला मात्र ते ऐकून जास्तच शरमल्यासारखं झालं.

केतकीला सांगणं सगळ्यात अवघड जाईल असं तिला वाटलं होतं. केतकीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुझ्यासाठीच केलं गं," उज्ज्वला शेवटी म्हणाली.

"नाही, आई. हे माझ्या नावावर टाकू नकोस." केतकीचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "लग्न मी त्याच्याशीच करणार आहे. पण त्याच्याबद्दल तू दूधवाल्याला विचारलंस, शाळेतल्या बाईंना विचारलंस. ज्याच्या हाती इतक्या माणसांचा श्वास द्यायचा, त्याला दोनदा फिरवायला तुझी जीभ उचलली नाही?"

आता एकच माणूस राहिला होता. समितीनं सदूभाऊंना परत यायचा निरोप धाडला होता, पण का, ते कुणी सांगितलं नव्हतं. ते तिनंच सांगायचं होतं.

दुपारी ती इस्पितळात गेली. गिरजामायचा ऑक्सिजनचा मुखवटा काढून नाकाशी नळी लावली होती, म्हणजे थोडा उतार होता. अंगात काही उरलं नव्हतं, पण डोळे तेच मिस्कील. सदूभाऊ थर्मासमधून कपात चहा ओतत होते. उज्ज्वलेला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"या, ताई. संस्थेनं परत बोलावलं मले! तुम्हीच रदबदली केली असन. तुमच्यावानी मानूस नाही जी. घ्या, चहा घ्या."

ती काही बोलणार तोच गिरजामायनं तिचा हात धरला. हातात जोर नव्हता, पण पकड सोडत नव्हती. एकेक शब्द मोजून ती म्हणाली, "लग्न... जवळ आलं ना व?"

"हो, माय."

"जवाई... चांगला पारखून घेतला ना?"

उज्ज्वलेच्या डोळ्यांपुढे तो हार आला, तजेलदार, पिवळाधमक. सदूभाऊ कप पुढे करून उभे होते.

"नाही, माय," ती म्हणाली. "पारखायचं काम माझंच होतं, आणि मी पारखलं नाही. त्या दिवशी बंद पाइपावर हार होता. प्रणितला तो हार खटकला, पाइप खटकला नाही. मला तेव्हाच दिसलं होतं. मी गप्प बसले. टाकी साफ केली म्हणून काही बिघडलं नाही, सदूभाऊ. पुन्हा फिरा म्हटलं असतं तर भागलं असतं. मी म्हटलं नाही. तुमची आई त्या पाइपापायी इथे आली."



"हार तर मीच टांगला होता," सदूभाऊ पुटपुटले.

"हार तुम्ही टांगलात. पाहत मी उभी होते."

सदूभाऊ तिच्याकडे पाहत राहिले. "म्हंजे काल मी इथं रडून राह्यलो होतो, तवाबी तुम्हाले मालूम होतं?"

"हो."

त्यांनी पुढे केलेला कप मागे घेतला. खिडकीत ठेवला. मग तिच्याकडे पाठ करून ते आईच्या औषधाची बाटली शोधू लागले, जी त्यांच्या समोरच होती.

गिरजामायला किती समजलं, कोण जाणे. ती छताकडे पाहत होती. तशीच म्हणाली, "मंग... आता तरी पारखून घेजो. घाई नको करू. मी... हावो गानी म्हनाले."

तिनं उज्ज्वलेचा हात सोडला नव्हता. उठून जावं, तोंड लपवावं, असं उज्ज्वलेला फार फार वाटत होतं. पण तो हात आपण सोडवून घ्यायचा नाही, एवढं तिला कळत होतं. ती तशीच बसून राहिली. खिडकीतला चहा निवून गेला.